यादीत नसलेला प्रश्न

मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना आपण काय काय शिकवतो, एकदा आठवून बघा. ताठ बस, हसून बोल, साहेबांच्या डोळ्यांत बघ. नोकरी असते कामाची, आणि तयारी चालते बोलण्याची! इब्रामपूरच्या सुमंगलानेही तेच केलं. तिला दोष द्यायला मी धजणार नाही. तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

सुमंगला डिचोलीच्या एका काजू कारखान्यात चौदा वर्षं गर निवडते. अख्खा गर वेगळा, दोन फाका झालेली पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. तिची मुलगी गौरवी तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. पणजीत तीन ठिकाणी मुलाखती देऊन हात हलवत परत आलेली. गौरवीला ऑटिझम आहे. लहानपणीच डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं आणि सुमंगलाने तो कागद कपाटात साड्यांखाली सारला होता. कारखान्यात कोणी विचारलं की म्हणायची, "लाजरी आसा जरा." माझ्यामागे हिचं कसं होणार, या काळजीने तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. पण तोंडातून अवाक्षर नाही.

कारखान्यात गर निवडायची एक जागा रिकामी झाली. सुमंगलाने नव्याने लागलेल्या बायकांना खोदून खोदून विचारलं, मुलाखतीचे पाच प्रश्न काढले आणि पाच उत्तरं आठ दिवस लेकीकडून घोकून घेतली. त्या दिवशी बसमध्येही तेच.

"बाय, सगळा ध्यानात आसा मा गो?"

"पाच उत्तरं. आहेत ध्यानात," खिडकीबाहेर बघत गौरवी म्हणाली.

"आणि कानांवर हात घेव नको हां. डोळ्यांत बघ."

"ते दोन नियम आहेत. ते उत्तरांत येत नाहीत."

"होय गो, होय!" सुमंगलाने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

कारखान्याचा मालक प्रज्योत. वडिलांच्या मागे दोन वर्षांपूर्वी त्याने कारभार हातात घेतला होता. माणूस वाईट नव्हे, पण मोठ्या शहरात शिकून आलेला. टेबलासमोर बसवून मुलाखत घ्यायची पद्धत त्यानेच आणली. गौरवी आत गेली आणि सुमंगला अर्ध्या उघड्या दाराबाहेर कान देऊन उभी राहिली.

"बस मिळाली वेळेवर?" प्रज्योतने सहज विचारलं.

आत शांतता. सुमंगला मनातच विनवत होती, बोल गो बाय, काय तरी बोल!

"हा प्रश्न यादीत नाही," गौरवी म्हणाली.

"कसली यादी?"

"आईने पाठ करून घेतलेली. तिच्यात पहिला प्रश्न 'स्वतःबद्दल सांग' असा आहे."

संपलं! सुमंगलाने डोळे मिटून घेतले.

प्रज्योत गोंधळून हसला. "बरं, बरं. पण माझ्याकडे बघून बोल ना."

"तुमच्या डोळ्यांत बघितलं की तुम्ही काय बोलता ते मला समजत नाही. दोन्ही एकदम होत नाही. पण मला काम पाहिजे. घरी माझा दिवस संपत नाही."

प्रज्योतने पेन खाली ठेवलं. "बघूया हां. कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, ते सुमंगलाला चांगलं ठाऊक होतं. पणजीत तिन्ही वेळा हेच ऐकलं होतं आणि कोणी कधी कळवलं नव्हतं. ती दाराशीच खाली बसली.

पलीकडे गर निवडत बसलेली हौसा उठून आली. गडहिंग्लजकडून आलेली ही बाई कारखान्यात सगळ्यांत जुनी. "काय झालं गं?"

"हौसाबाय, लाजरी नाय गो ती! तिका ऑटिझम आसा. आवाज सोसत नाय, डोळ्यांत बघून बोलूक येत नाय. सगळ्यांपासून लपवलंय मी." चौदा वर्षांत पहिल्यांदा ते शब्द तिच्या तोंडून बाहेर पडले, आणि पाठोपाठ रडू.

हौसाने पदर खोचला आणि ती सरळ आत गेली. गौरवी अजून टेबलासमोरच बसली होती.

"मालक, माझी मुलाखत कुणी घेतली हुती?"

"हौसाबाई, ते दिवस वेगळे होते."

"तुमच्या बाबांनी मला एक शब्द इचारला न्हाई. मला हितली बोली कळत न्हवती, मान वर करायचं भ्या वाटायचं. त्यांनी सूप हातात दिलं, गर ओतलं आन् म्हणाले, निवड. दोन तासांनी सूप बघितलं आन् कामावर घेतलं. तुमच्या टेबलापुढं बसवलं असतं तर मी तवाच गावाकडं गेले असते! तुम्हाला गर निवडायला बाई पायजे का भाषण करायला?"

"पण मध्येच काही झालं तर? इथला आवाज, ही गर्दी. जबाबदारी माझ्यावर येते." सुमंगलाचं बोलणं उघड्या दारातून त्याच्या कानावर गेलं होतं.

"आवाज सोसत न्हाई तर कोपऱ्यात बसवा. माझी नजर कमी झाली तवा मला खिडकीपाशी हलवलंत. ते काय उपकार हुते? कामाची सोय हुती ती!"

प्रज्योतने मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मग म्हणाला, "दोन तास. सूप द्या तिला."

ते दोन तास सुमंगलाने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. गौरवीचा हात सावकाश चालत होता. बाकीच्यांची दोन सुपं झाली, हिचं एकही नाही. इकडे सुमंगलाचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं, तिने पाकळी अख्ख्या गरांत टाकली. आणि तेवढ्यात मागे कोणाच्या तरी हातून पत्र्याचे डबे धाडकन कोसळले! गौरवी ताडकन उठली. दोन्ही कानांवर हात, भिंतीकडे तोंड, ओठांत बारीक गुणगुण. सगळ्यांचे हात थांबले. प्रज्योत टेबलामागून उठून बाहेर आला. सुमंगला धावणार तोच हौसाने तिचं मनगट धरलं.

"थांब. तिचं तिला करू दे."

एक मिनिट गेलं, दोन गेली. मग गौरवी वळली, जागेवर येऊन बसली आणि काम सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. जरा वेळाने कोणाकडेही न बघता तिने विचारलं, "अख्ख्या गराचं टोक तुटलं असलं तर तो अख्खा की तुकडा?"

"अख्खाच," एक बाई म्हणाली. "तुकडा गो!" दुसरी म्हणाली. हौसा म्हणाली, "किती तुटलंय त्याच्यावर हाय."

"आई वेगळं करते, बाकीच्या बायका वेगळं करतात. मला एक नियम सांगा. मी तो पाळेन."

ते ऐकून प्रज्योत जागच्या जागी थबकला. मिसळलेला माल म्हणून हॉटेलवाल्यांकडून डबे परत येत होते, आणि त्यापायी तो महिनोन्महिने बायकांवर डाफरत होता. पण नियम काय, हे त्याने कधी सांगितलंच नव्हतं!

"चुकलो मी," तो म्हणाला. "तुम्हाला सगळ्यांनाच चुकीचं बोललो." त्याने खडू घेतला आणि भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाव भागापेक्षा जास्त तुटला तर तुकडा. मग गौरवीचं सूप तपासलं. दोन गर चुकीचे निघाले. ते का चुकले ते तिने विचारलं आणि त्याने नीट समजावून सांगितलं.

"सोमवारी सकाळी साडेआठला ये. हा कोपरा तुझा, डबे इथून हलवतो. पगार बाकीच्यांइतकाच. हे सगळं कागदावर लिहून देतो."

"यात काही बदललं तर आदल्या दिवशी सांगा," गौरवी म्हणाली.

"सांगतो."

सोमवारी बसमध्ये गौरवीने विचारलं, "आज यादी नाही?"

"नाय गो बाय."

अस्नोड्याच्या वळणावर बसवाल्याने कर्कश हॉर्न दिला आणि गौरवीने कानांवर हात घेतले. ते खाली करायला सवयीने सुमंगलाचा हात पुढे झाला. तिने तो मागे घेतला. कोण बघतंय, हेही तिने बघितलं नाही.

मित्रहो, सुमंगलाने लेकीला लपवलं, कारण आपली नजर तिला ठाऊक होती. आपण काम बघत नाही, बोलणं बघतो. कुणाला शांत कोपरा लागतो, कुणाला लिहून दिलेला नियम लागतो, आणि आपण ती सोय करायची सोडून माणसालाच दारातून परत पाठवतो. फळ्यावरचा तो नियम गौरवीसाठी लिहिला गेला, पण आता तो सगळ्याच बायका बघतात. उद्या तुमच्या टेबलासमोर कोणी मान खाली घालून बसलं, तर 'कळवतो' म्हणू नका. आधी त्याच्या हातात सूप देऊन बघा!