खडूने आखलेली हद्द

राजसी उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात पॅटर्न मास्टर होती, म्हणजे कपड्यांचे साचे आखून कापणारी. त्या कामात बाई म्हणून ती एकटीच, पण कापडाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. नुसतं बोट फिरवून डेनिम धुतल्यावर किती आटेल ते ती सांगायची. नवरा गंधार अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीत सुपरवायझर. घर बदलापूरला मांजर्लीत, पुराच्या भीतीने मुद्दाम वरच्या मजल्यावर घेतलेलं. बिल्डिंगला लिफ्ट होती. त्या लिफ्टची गरज अशी पडेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

वांगणीला मित्राच्या शेतावर आंबे उतरवताना गंधार झाडावरून पडला. छातीमागचा मणका मोडला. हात शाबूत राहिले, डोकं शाबूत राहिलं, पण छातीच्या खाली ना हालचाल, ना स्पर्श. ऑपरेशन झालं, मग महिनोन्‌महिने व्यायाम. वर्ष उलटलं तेव्हा तो व्हीलचेअरवर सफाईने बसत होता, स्वतःची लघवी स्वतःच नळीने काढत होता आणि घरी बसून कंपनीचं प्लॅनिंगचं काम बघत होता. येणारे-जाणारे म्हणायचे, राजसीने कमाल केली. राजसीला ते ऐकवत नसे. तिने नवऱ्याला अंघोळ घातली होती, त्याची कूस बदलून दिली होती, पाठीला कुठे जखम होतेय का ते रोज बघितलं होतं. पण त्या साऱ्या काळात तिने त्याला कामाशिवाय एकदाही हात लावला नव्हता.

एका रविवारी सकाळी ती गॅलरीत त्याचे केस कापत होती. मानेवर चिकटलेले केस उडवायला तिने फुंकर मारली, तसा गंधार एकदम स्तब्ध झाला. हातांवर काटा उभा राहिला.

"लागलं का कुठे?"

"नाही." तो जरा थांबून म्हणाला, "परत मार."

तिने परत फुंकर मारली. मग कानामागे, हळूच. गंधारने डोळे मिटले होते. श्वास मोठा झाला होता आणि चेहरा असा झाला होता, जो तिने त्या अपघातानंतर बघितलाच नव्हता. तिने कात्री बाजूला ठेवली. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि गंधारने टॉवेल झटकला.

दुपारी तिने विषय काढला तर तो भिंतीकडे बघत म्हणाला, "सोड ना, राजसी. माझ्यावर आणखी उपकार नको करूस."

"उपकार कोण करतंय?" ती म्हणाली. "मला हवंय. तू कधी विचारलंस का, मला काय वाटतं ते? तू जिवंत आहेस, मी जिवंत आहे, आणि आपण दोघं एका पलंगावर दोन पार्सलांसारखे झोपतो."

त्याने चेहरा भिंतीकडेच ठेवला. पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारू या, असं ती म्हणाली तेव्हा त्याने नाहीही म्हटलं नाही.

रिहॅबच्या डॉक्टर सुरुची मॅडम साठीच्या आसपासच्या होत्या. राजसीने सरळ विचारलं. चारचौघांसारखं तर आता जमणार नाही, मग काय जमेल? आणि काय केलं तर याला त्रास होईल?

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं विचारलंत. हे आम्ही स्वतःहून सांगायला हवं, पण पेशंटच लाजतात आणि मग आम्हीही गप्प बसतो." त्या गंधारकडे बघून बोलू लागल्या. "खालचा स्पर्श मेंदूपर्यंत पोचत नाही, तेव्हा पुष्कळांच्या बाबतीत वरची कातडी जास्त जागी होते. मान, कान, कोपराची आतली बाजू. आणि जिथे स्पर्श संपतो ना, त्या हद्दीवरचा पट्टा. कुणाला तिथे नुसतं टोचतं, कुणाला इतकं छान वाटतं की त्यातूनच सुखाची लाट येते. तुमचं काय आहे ते तुम्हालाच शोधावं लागेल. घाई करू नका."

"आणि धोका?" राजसीने विचारलं.

"धोका आहे. तुमची दुखापत वरची आहे. खाली कुठे काही टोचलं, दाबलं गेलं, लघवी तुंबली, तर यांना कळणार नाही, पण शरीराला कळेल. मग बीपी एकदम चढतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. तसं झालं की सगळं थांबवायचं. सरळ बसवायचं, पाय खाली सोडायचे, घट्ट कपडे सैल करायचे, लघवी बघायची, खाली काय टोचतंय ते शोधायचं. काही मिनिटांत उतरलं नाही तर सरळ हॉस्पिटल. घरी बीपीचं मशीन ठेवा. गरम तेल, बर्फ, असलं काही स्पर्श नसलेल्या भागावर अजिबात नाही, भाजलेलं कळणार नाही. आणि व्हायब्रेटर, मसाजर वगैरे आणलंत तर खांद्याच्या वरच वापरा. खाली वापरायचं असेल तर पहिल्यांदा इथे या, माझ्यासमोर बीपी मोजत बघू."

गंधारचे कान लाल झाले होते. पण लिफ्टमध्ये शिरल्यावर तो म्हणाला, "लाट म्हणाल्या त्या." आणि हसला.

अडचण होती ती घरातली. अपघातापासून त्यांच्या खोलीचं दार कधी लागलंच नव्हतं. सासूबाई, म्हणजे अंजनीबाई, येता-जाता डोकावायच्या, लेकाची चादर सरळ करायच्या. राजसीने सुताराला बोलावून आतून कडी बसवून घेतली आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत भाजी निवडत होत्या तिथे जाऊन बसली.

"आई, रविवारी दुपारी आम्ही दार लावून घेणार आहोत."

अंजनीबाईंचे हात थांबले. "त्याला काही झालं म्हणजे?"

"मी असेन ना आत. मला सगळं शिकवलंय."

"तसं नाही गं." त्या मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुझं ते सगळं संपलं आता. मला वाईट वाटायचं तुझ्यासाठी. पण बोलणार काय?"

"संपलं नाहीये, आई."

"मग लाव की दार. मी शेजारी बकुळाकडे जाऊन बसेन. मोबाइल तेवढा चालू ठेव."

पहिल्या रविवारी राजसीने कारखान्यातून आणलेल्या चिंध्या पलंगावर मांडल्या. मखमल, सॅटिन, कॉर्डरॉय, मऊ धुतलेलं डेनिम. शिवाय शिंप्याचा निळा खडू. गंधारने आधी लघवीचं उरकून घेतलं, बीपी मोजलं. थांबायचं असलं की काय म्हणायचं, तेही ठरलं. 'बास' नको, कारण ते माणूस भलत्याच वेळी म्हणतो. गंधारला दुधीचा तिटकारा. म्हणून शब्द ठरला 'दुधी'. दोघांपैकी कुणीही म्हटलं की हात जिथल्या तिथे थांबायचा.

"डोळे मीट," ती म्हणाली. "आणि खोटं बोलू नकोस. मला बरं वाटावं म्हणून काहीही छान म्हणायचं नाही."

तिने मखमलीचा तुकडा खांद्यावरून खाली आणला. तो सांगत गेला, आहे, आहे, आहे, कमी झालं, गेलं. जिथे गेलं तिथे तिने खडूने खूण केली. शेजारी परत. हळूहळू छातीवरून काखेपर्यंत आणि पाठीवर वळणारी एक वाकडीतिकडी निळी रेघ तयार झाली. डाव्या बाजूला ती चार बोटं खाली उतरत होती, तिथे अजून स्पर्श होता आणि दोघांना इतके दिवस त्याचा पत्ता नव्हता. कॉर्डरॉय त्याला नकोसं झालं. "दुधी," तो म्हणाला, आणि तिने ते बाजूला फेकलं. सॅटिन मिळमिळीत वाटलं. मग तिने कापड सोडून बोटांची टोकं त्या रेघेवर ठेवली आणि तोंड त्याच्या मानेशी नेलं.

"तिथेच," गंधार म्हणाला. आवाज बदलला होता.

ती तिथेच राहिली. तिला घाई नव्हती, सुटी होती. त्याचा श्वास चढत गेला, खांदे थरथरले आणि मग डोक्यापासून हातांच्या टोकापर्यंत काहीतरी सरसरत गेलं आणि तो सैल पडला. गालांवर पाणी होतं आणि तो हसत होता. तिने बीपी मोजलं. ठीक होतं.

"हे काय होतं?" ती म्हणाली.

"माहीत नाही. नाव नाही त्याला. पण माझंच होतं." थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला. "इकडे ये. माझ्या हातांना काही झालेलं नाही. सांग, कुठे, कसं. तूही खोटं बोलायचं नाहीस."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे राजसीला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. आधी शब्दच सापडेनात. मग सापडले. ती संध्याकाळी भाकरी थापायला उभी राहिली तेव्हा अंजनीबाई तिच्याकडे बघून नुसतं म्हणाल्या, "आज रंग चांगला दिसतोय तुझा."

पुढच्या आठवड्यात कारखान्यातून निघताना ती इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरली आणि मसाजर मागितला. सिंधी शेठने दोन-तीन काढून दाखवले. "कमर के लिए चाहिए, भाभी?"

"गर्दन के लिए. धीमा चलनेवाला दो," राजसी म्हणाली आणि प्रत्येक मशीन स्वतःच्या मानेवर लावून बघितल्यावरच एक निवडलं.

त्याच मसाजरने त्यांना एक धडाही दिला. रविवारी मसाजर वापरून झाल्यावर प्लग काढून तो पलंगावरच ठेवला होता, सगळं छान चाललं होतं आणि गंधार अचानक म्हणाला, "दुधी. डोकं ठणकतंय." त्याचा चेहरा लालभडक, कपाळावर घाम. राजसीचा हात जिथल्या तिथे थांबला. तिने त्याला उठवून बसवलं, पाय पलंगावरून खाली सोडले, कमरेचा पट्टा सैल केला. बीपी चढलेलं होतं. लघवी? आधीच काढली होती. मग काय? तिने चादरीवरून हात फिरवला. मसाजरची वायर घसरून त्याच्या मांडीखाली गेली होती, आणि प्लग त्याच मांडीखाली दबला होता. पिनांचे लाल ठसे उठले होते. तिने प्लग ओढून काढला आणि बीपीच्या मशीनकडे बघत बसली. आकडा उतरला. परत मोजला, आणखी उतरला.

"घाबरलीस?" गंधारने विचारलं.

"हो. तू?"

"मीही. पण तुला बघत होतो. पॅटर्न कापताना दिसतेस, तशीच दिसत होतीस."

ठसे संध्याकाळपर्यंत मावळले. आईला सांगायचं की नाही, यावर दोघांचं थोडं वाजलं. राजसीने सांगितलंच. अंजनीबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "वायरवालं नका वापरू, चार्जिंगवालं आणा." त्यांना किती कळलं होतं, ते राजसीने विचारलं नाही.

पावसाळ्याआधी गंधारनेच सुरुची मॅडमना फोन केला. मसाजर खाली वापरून बघायचा होता त्याला. मॅडमनी दवाखान्यात बोलावलं, पडदा ओढला, दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि राजसीला जवळ बसवलं. मसाजर लावून थोडाच वेळ झाला असेल, आकडा झपाट्याने वर गेला आणि गंधारचं डोकं धरलं. मॅडमनी लगेच थांबवलं, त्याला बसवलं, उतरेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या.

"हे तुमच्यासाठी नाही," त्या म्हणाल्या. "काहींना चालतं, तुम्हाला नाही. पुढे गोळी देऊन बघता येईल, हवं असेल तर."

राजसीने गंधारकडे बघितलं. तो निराश होईल अशी तिला भीती होती. गंधारने शर्टाची बटणं लावली.

"गोळीचं नंतर बघू, मॅडम. घाई नाही," तो म्हणाला. "तसं आमचं बरं चाललंय."

बाहेर आल्यावर गंधारला रिक्षात बसवून राजसीने रिक्षावाल्याला व्हीलचेअरची घडी कशी करायची ते दाखवलं. गंधार हातांवर जोर देत सीटवर आत सरकला आणि तिला जागा करून दिली. अंबरनाथच्या रस्त्यावर खड्डे होते. त्याने एका हाताने वरचा दांडा धरला आणि दुसरा तिच्या मानेमागून नेऊन खांद्यावर ठेवला. रिक्षावाला आरशातून बघत होता. राजसीने बघू दिलं.