चांदमारीचा बांध

मित्रांनो, मी एक जुना मातीचा बांध आहे. शेतातला नव्हे, चांदमारीचा. अहमदपूरच्या पुढे माळावर पूर्वी सैन्याचा प्रशिक्षण तळ होता. नवे जवान जिथे नेमबाजी शिकत, ती जागा म्हणजे चांदमारी. निशाणाच्या पाटीमागे मी उभा असे. पाटीतून आरपार गेलेली, नाहीतर नेम चुकलेली गोळी माझ्या पोटात येई.

जवानांनीच घमेल्यांनी माती वाहून मला दोन माणसांएवढं उंच केलं. जळकोटचा निवृत्ती नावाचा एक जवान होता, त्याच्या सगळ्या गोळ्या मलाच लागायच्या. जवानांना शिकवणारे उस्ताद अमृतराव एकदा त्याला शांतपणे म्हणाले, "बांधाशी काय भांडण हाय रे तुझं? पाटीकडं बी बघ की जरा." माझ्यामागे जवारीची रानं होती. हा बांध आहे म्हणून तिकडं बाया बिनघोर खुरपून राहिल्यात, असंही ते सांगत. तेव्हा माझी छाती फुगायची.

पुढे तळ हलला. माझ्यावर तरवडाची झुडपं माजली, शेळ्या चरल्या. बऱ्याच वर्षांनी तिथे बाग झाली. झोके आले, बाक आले आणि मुलं माझ्यावरून घसरू लागली. काय सांगू, गुदगुल्या व्हायच्या नुसत्या!

एके दिवशी पाच वर्षांची अक्षरा आईला विचारत होती, या जागेला चांदमारी का म्हणतात, इथे चांदोबाला मारायचे का? तिची आई मंजुश्री हसली, पण तिचं लक्ष लेकीच्या फुगलेल्या गालाकडे गेलं. बोट घालून तिने आतली 'गोटी' बाहेर काढली. ती बंदुकीची जुनी, शिशाची गोळी होती. मंजुश्रीने तिथेच लेकीला चुळा भरायला लावल्या आणि तडक दवाखाना गाठला. अक्षराला काही झालं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी मंजुश्रीने अर्ज दिला, की हा बांध काढून टाका. तिचं काय चुकलं? विष माझ्याच पोटात होतं.

आठवड्याने जेसीबी आला. मी तर आशाच सोडली होती. तेवढ्यात बागेचे माळी चंद्रप्पा मंजुश्रीपाशी आले.

"ताई, जवारीत खडा निघाला म्हणून पोतं फेकतो का आपण? चाळून घेतो."

"आणि चाळून एखादा राहिला तर, काका?"

"ऱ्हाऊ शकतो. म्हणून वरून हातभर नवी माती टाकू, हरळी लावू. मग तुम्ही बघा. न्हाई पटलं तर पाडू."

मंजुश्रीने हात करून जेसीबी थांबवला. "चाळताना मी इथं उभी राहणार," ती म्हणाली.

मुलांना बाग बंद झाली. वाळूच्या मोठ्या चाळणीतून माझी माती गेली. तोंडाला ओढणी बांधून मंजुश्री रोज उभी. तिने चंद्रप्पांना दोन ढिगारे परत चाळायला लावले. ते कुरकुरले, पण दुसऱ्या खेपेला आणखी तीन गोळ्या निघाल्या, तेव्हा स्वतःच पुढचा ढिगारा दोनदा चाळू लागले. पावसाळ्यात मी हिरवागार झालो.

मित्रांनो, मातीत काही सापडलं तर तोंडात घालू नका, आधी मोठ्यांना दाखवा. आणि माझी हरळी उपटू नका. तिच्याखालीच ती नवी माती टिकून आहे.

मंजुश्री आजही दर रविवारी येते. चपला काढून पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालते, कुठे माती उघडी पडली का ते बघते. अक्षरा वर तिष्ठत असते. मग आई खाली येऊन हात पसरते आणि म्हणते, "ये."