डाव्या आरशातली लोंबी

माझ्या नणंदेने, हिराबाईने, दर्या कधी पाहिला नव्हता. जिल्हा समुद्राचा, पण खोडाळ्याच्या पलीकडे तिचा पाडा, आणि तिथून समुद्र फार लांब.

मी खोडाळ्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले, तेव्हा ही मुलगी नागलीच्या भाकऱ्या फडक्यात बांधून माझ्या खोलीवर यायची. बसायची नाही, उंबऱ्यातूनच बोलायची. एकदा म्हणाली, "बाई, माझ्या भावाशी लगीन करा. एसटी चालवतो. तुम्हाला फुकट फिरवील." तो भाऊ म्हणजे आमचे हे, देवजी. फुकट त्यांनी मला कुठेही फिरवलं नाही, पण त्या पोरीच्या शब्दावर माझा संसार झाला.

गेल्या पावसाळ्यात तिने अंथरूण धरलं. पाठीचे मणके खचले होते, बसणं होईना. त्याच सुमारास आमच्या मुलाने, धर्मेंद्रने, शिरपामाळला येणाऱ्या पर्यटकांसाठी मोटरहोम घेतली. आत पलंग, शेगडी, सगळं. धर्मेंद्र ठाण्याला असतो, म्हणून गिऱ्हाईक नसलं की गाडी आमच्या जव्हारच्या अंगणात उभी राहायची. हे ती घेऊन पाड्यावर गेले, तो नेमका नवं खायचा, नव्या पिकाच्या सणाचा दिवस होता. हिराबाईने खाट बाहेर काढायला लावली. नव्या भाताच्या लोंब्या औताला, कणगीला लावून झाल्या, तशी म्हणाली, "गाडीलाही नवं दिलं पायजे." मग पडल्या पडल्या हाताला येईल तिथे, दारात आणि डाव्या आरशाच्या फटीत, तिने लोंब्या खोचल्या. आणि म्हणाली, "दादा, हिच्यात झोपून जाता येतं ना? मग मला दर्या दाखव. निस्ता ऐकलाय."

"दिवाळी झाली की नेतो," हे म्हणाले.

घरी आल्यावर चाक कट्ट्याला घासू नये म्हणून यांनी बटण दाबून डाव्या आरशाची काच खाली वळवली आणि गाडी मागे लावली. दिवाळी झाली, तोवर गिऱ्हाईक नव्हतं, गाडी तशीच उभी होती. मी पलंगावर रबराची चादर घातली, तिच्या मानेला लहान उशी शिवली. निघायच्या सकाळी आरसा वर येईना.

यांच्या मानेला पट्टा. डावीकडे वळून बघता येत नाही. मोखाड्याच्या वाटेवर वळणं, आणि आरशात नुसतं चाक दिसत होतं.

धर्मेंद्र फोनवर सांगत होता. "बाबा, उजवा हलतो ना? मग फ्यूज ठीक आहे. बटणाचा काटा डावीकडे केलात?"

"केला. चाळीस वर्षं गाडी चालवली मी."

"आवाज येतो?"

येत होता. आत घरघर व्हायची आणि काच जागच्या जागी थरथरायची. यांनी हाताने ढकलून पाहिली, तर करकरली. आमच्या वेळी हे खिडकीतून हात काढून आरसा फिरवायचे, बाहीने पुसायचे आणि निघायचे. बिघडण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मी म्हटलं, "अहो, मी बसते डावीकडे. सांगत जाईन."

अंगणातच करून पाहिलं. मी थांबा म्हणेपर्यंत चाफ्याची फांदी मोडली होती.

"शाळेत पोरांना सांगायचीस तेव्हा ऐकायची का गं?" हे म्हणाले. त्या दिवसातलं आमचं हसणं तेवढंच.

बाजारातून रोहिदास मेकॅनिक आला. कान लावून ऐकलं. "काका, आतलं गिअर गेलं. अख्खा आरसा नाशिकहून मागवतो. तोवर काच उचकटू नका, फुटेल." मग म्हणाला, "नाहीतर मी चालवतो. माझी मान वळते."

"बहिणीला मी नेणार."

संध्याकाळी भाची योगिताचा फोन आला. "मामी, आई विचारते, मामा निघाले का?"

मी यांना म्हटलं, "जीपने जाऊन भेटून तरी येऊ."

"तिला वाटेल, न्यायला आलो. मग परत कसा फिरू? गाडी घेऊनच जायचं."

योगिताचे फोन येत राहिले. आरसा येत नव्हता. मग एका सकाळी तिने काही विचारलं नाही, नुसती रडली. आम्ही जीपनेच गेलो. हिराबाईच्या रिकाम्या खाटेखाली पिशवी होती, त्यात धुतलेलं लुगडं आणि दर्याचं पाणी आणायला रिकामी बाटली.

परतलो तर रोहिदास नवा आरसा घेऊन दारात. जुनी काच त्याने सोडवली आणि थांबला. मग चिमट्याने आतून काहीतरी ओढलं. वाळलेली भाताची लोंबी. काच खाली वळवली तेव्हा ती फटीतून आत सरकून अडकली असणार. रोहिदासने काच परत बसवली, बटण दाबलं. आरसा सावकाश वर आला.

"गिअर चांगलं आहे काका," तो खाली बघत म्हणाला. "माझं चुकलं."

यांनी लोंबी हातात घेतली. दाणे गळून नुसती काडी उरली होती. हे गाडीत बसले आणि बटण दाबत राहिले. काच वर जायची, खाली यायची. रोहिदासने विचारलं, "बरोबर दिसतं का?"

"दिसतं."

तो गेल्यावरही घरघर चालूच होती. मी मागच्या दाराने आत चढले, पलंगावरची रबराची चादर काढली, उशी काढली. पुढून यांनी विचारलं, "काय करतेस?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि चादरीची घडी घालू लागले. एकटीने ती नीट होत नव्हती.