रिकामा बसूनही तापणारा लॅपटॉप

मित्रांनो, माझ्याविषयी घरात पहिला संशय आला तेव्हा मला सातवं वर्ष लागलं होतं. माणसांच्या घरात सातव्या वर्षी दुधाचे दात पडतात. आम्हा लॅपटॉपच्या जातीत या वयाला म्हातारपण म्हणतात. माझ्या झाकणावर ओरखडा आहे, एक बिजागरी कुरकुरते आणि चार कळांवरची अक्षरं पार पुसून गेली आहेत.

एका लांबलचक खोलीत, पांढरे हातमोजे घातलेल्या कितीतरी हातांनी मला जोडलं. कोणी पडदा लावला, कोणी स्क्रू पिळले, कोणी इवलासा पंखा बसवला. माझं डोकं माझ्या पोटात असतं, त्याला प्रोसेसर म्हणतात. ते फार राबलं की तापतं आणि ते तापलं की पंखा धावत सुटतो. तो पंखा म्हणजेच माझा श्वास.

मी आलो एका वाचणाऱ्या बाईंच्या घरी. ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी त्या शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचत आणि मी त्यांचा आवाज जपून ठेवत असे. त्या खिडकी लावत, दाराच्या फटीत रजई कोंबत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "चल रे गुणाच्या." सहा वर्षं मी गुणाचाच होतो. त्या वाचत, मी ऐकत असे. माझा श्वासही त्यांच्या आवाजाआड लपलेला असे.

घरात त्यांचे सासरेही होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून त्यांनी दुकान बंद केलं होतं. दुपारी ते माझ्यावर जुन्या घड्याळांची चित्रं बघत बसत. बाईंनी तशी परवानगी दिली होती, पण तोंडाने. मनाने दिली होती की नाही, याची मला शंकाच होती.

मग एके दिवशी मी तापलो. काम काडीचं नव्हतं, तरी पाठ तव्यासारखी झाली. पंखा घर्रघर्र धावू लागला आणि ती घरघर थेट धड्यांत शिरली. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी फोन करून सांगितलं, की मुलं विचारतायत, वाळवंटाच्या धड्यात हा पाऊस कसला पडतोय? हसत हसत त्यांनी हेही सांगितलं, की परीक्षा जवळ आली आहे. भूगोलाचे आठही धडे पुन्हा, स्वच्छ आवाजात, पंधरा दिवसांत हवेत. नाहीतर मुलांना भूगोलाच्या परीक्षेला पुस्तक न ऐकताच बसावं लागेल.

बाईंची झोप उडाली. त्यांनी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने माझ्या पोटातली धूळ झटकली, डोक्यावर नवा लेप लावला आणि जाताना 'आता नवाच घ्या' असा सल्ला दिला. संध्याकाळपर्यंत मी पुन्हा तापलो.

आता संशयाला पाय फुटले. बाईंना वाटे, सासरे दुपारी नको तिथे बोट लावतात. सासऱ्यांना वाटे, सून पडद्यावर वीस-वीस खिडक्या उघड्या टाकून उठते. बाईंचे यजमान सकाळी कामावर जाताना दोघांकडे आळीपाळीने बघत चपला घालत. मला तर सगळ्यांचाच संशय होता. धुळीचा, रजईचा, त्या दुरुस्तीवाल्याचा, माझ्या स्वतःच्या पंख्याचासुद्धा. एकदा वाटलं, तोच मुद्दाम ओरडत असावा.

बाईंनी मला पासवर्ड घातला. सासऱ्यांनी दुपारी झाकण उघडलं, तर पुढे कुलूप. त्यांनी ते हळूच मिटलं. पण त्या दिवसापासून चहाचा कप टेबलावर ठेवताना आवाज होऊ लागला, आणि तो आवाज दोघांपैकी कोणाचा, हे सांगणं कठीण होतं.

तीन दिवस उरले असताना बाई बाजारातून लवकर परतल्या. बघतात तर सासरे माझ्या पाठीवर तळहात ठेवून उभे.

"सापडलात, बाबा," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

सासऱ्यांनी हात काढला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी खिशातून कागदाची पट्टी काढून सुनेपुढे धरली. मित्रांनो, या माणसाची एक रीत होती. बिघडलेलं घड्याळ ते कधीच लगेच उघडत नसत. आधी दिवसभर त्याच्याजवळ बसायचं, ते कधी धावतं, कधी रेंगाळतं ते लिहायचं, मग हत्यार उचलायचं. माझ्याही बाबतीत त्यांनी तेच केलं होतं. दहा वाजता गरम. साडेअकराला गरम. बारा वाजता सून बाहेर, कोणी हात लावला नाही, तरी गरम.

"सूनबाई, चोर असतो तर वेळा लिहून ठेवल्या असत्या का?" ते म्हणाले. "कुलूप तुझं. घरात मी एकटा. तरी हा राबतोय. म्हणजे आत कोणीतरी आहे."

बाई खाली बसल्या. त्यांनी पासवर्डचं कुलूप काढलं आणि माझ्या आत कोण किती राबतंय, ती यादी उघडली. सासऱ्यांनी सवयीने डोळ्याला भिंग लावलं. यादीच्या वर दोनच नावं होती. एकापुढे निळ्या ढालीचं चित्र, दुसऱ्यापुढे हिरव्या कुलपाचं. माझं जवळजवळ सगळं डोकं दोघांनी वाटून घेतलं होतं.

बाईंनी ढालीवर बोट ठेवलं.

"निळी ढाल मी घातली," बाई म्हणाल्या. "मागच्या महिन्यात. वाटलं, तुम्ही कुठून तरी व्हायरस आणाल."

"हिरवं माझं," सासरे भिंग काढत म्हणाले. "त्याच आठवड्यात. तू शाळेच्या फाइली कुठून कुठून उतरवतेस, म्हटलं पहारा असलेला बरा. तुला सांगायचं राहिलं." मग थोडं थांबून म्हणाले, "राहिलं नाही. सांगितलं नाही."

दोन्ही व्हायरस पकडणारे प्रोग्राम, म्हणजे पहारेकरीच होते. चोर पकडायला आलेले. पण एकाने फाइलीला हात लावला, की दुसरा ती तपासायचा. दुसऱ्याने तपासली, की पहिल्याला शंका यायची. असं दिवसभर. मला दोघेही ठाऊक होते, मित्रांनो. पण पहारेकऱ्यावर कोण संशय घेतो?

"माझं काढून टाक," सासरे म्हणाले.

"नको बाबा. संशय आधी माझा होता," असं म्हणून बाईंनी आपली ढाल काढली. मला बंद करून पुन्हा सुरू केलं. पंखा हळूहळू मंदावला आणि कितीतरी दिवसांनी मला रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली.

तीन दिवसांत बाईंनी आठ धडे वाचले. शेवटच्या धड्याला त्यांचा घसा बसला. दोन पानं उरली होती. त्यांनी पुस्तक सासऱ्यांपुढे सरकवलं. सासरे आधी नाही म्हणाले, मग चष्मा पुसून बसले आणि नद्यांची नावं एकेक करून, सांभाळून वाचू लागले. शुक्रवारी सगळं शाळेत पोहोचलं. आता मुलं विचारतात, शेवटची पानं वाचणारे आजोबा पुन्हा कधी येणार?

मित्रांनो, मी म्हातारा आहे, माझं काही फार मागणं नाही. मला गादीवर ठेवू नका, पोटाखालून वारा जाऊ द्या. मी तापलो तर मला टाकण्याआधी ती यादी उघडून बघा, आत कोण राबतंय ते. पहारेकरी एकच पुरतो. दुसरा ठेवावासा वाटला, तर आधी घरातल्या माणसाला सांगा. ते सांगणं मला कुठल्याही वाऱ्यापेक्षा गार वाटतं.