तथास्तु म्हणणारा फ्लॅट

मित्रांनो, मी एक जुना फ्लॅट आहे. दिसतो मात्र नवाकोरा, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, बिग बीव्हर रस्त्याच्या मागे, विटांच्या दुमजली इमारतींची एक रांग आहे. त्यातल्या एकीच्या वरच्या मजल्यावर मी आहे. एक बेडरूम, एक हॉल, चिंचोळं स्वयंपाकघर आणि दोन खुर्च्या कशाबशा मावतील एवढी बाल्कनी. आज माझ्यात एकही माणूस नाही. भिंतींचा रंग अजून नवा दिसतो आणि मी फार दमलो आहे.

माझा जन्म सत्तरच्या दशकातला. तेव्हा इथे मोटारींच्या कंपन्या जोरात होत्या. नवे इंजिनीअर यायचे, वर्ष-दोन वर्षं राहायचे, लग्न ठरलं की मोठ्या घरात जायचे. कोणी माझं कौतुक केलं नाही, कोणी शिव्याही घातल्या नाहीत. बर्फ पडायचा, वितळायचा, खालचा मेपल लाल व्हायचा. बस, एवढंच माझं तारुण्य.

मग २००१ साली यतीन आणि नेत्रा भाड्याने राहायला आले. यतीन पुण्याचा, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामाला. नेत्रा नागपूरची. तिने पहिल्याच दिवशी बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटात, हो, कपाटातच, देव मांडले. तिने जिऱ्या-मोहरीची फोडणी घातली की माझा स्मोक अलार्म बोंब ठोकायचा आणि यतीन टॉवेल फडकवत धावायचा. ओट्यावर हळदीचे डाग पडले ते कधी निघालेच नाहीत. मला ते आवडायचे. दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली, इला. मग मालकाने सगळे फ्लॅट विकायला काढले, तेव्हा या दोघांनी मलाच घेतलं. नेत्रा म्हणाली, "इलाचं पहिलं घर आहे हे. असू दे आपल्याकडेच."

माझ्या खालच्या मजल्यावर रत्नाकाकू राहतात. इथे येऊन त्यांना तीसेक वर्षं झाली, पण जीभ अजून दादरचीच. एकदा यतीन ऑफिसातून वैतागून आला आणि म्हणाला, "यार, या थंडीत सडणार आहोत आपण." वर गप्पांना आलेल्या काकूंनी त्याला तिथल्या तिथे झापलं. "अरे, अभद्र बोलू नये घरात! वास्तू तथास्तु म्हणत असते."

मित्रांनो, मला हे ठाऊकच नव्हतं. मिशिगनमध्ये हे मला सांगणार कोण? आपल्याला असं काही काम असतं हे कळल्यावर मी ते मन लावून करू लागलो. कोणी काहीही बोललं की मी 'तथास्तु' म्हणायचो. "आज मासे छान होणार बघ." तथास्तु. "हे दूध नासणार वाटतं." तथास्तु. माझ्या शब्दात खरंच काही जोर आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही. दूध मात्र नासलं.

इलालाही काकूंनी ही गोष्ट सांगून ठेवली होती. ती कान लावून माझी भिंत ऐकायची आणि काकूंना सांगायची, "आजी, इट सेड इट!"

पुढे वाईट दिवस आले. मोटारींचा धंदा बसला आणि यतीनची नोकरी गेली. दुसरी मिळाली ती दूर दक्षिणेला, जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटाला. एक सूटकेस घेऊन तो पुढे गेला. मी विकला गेलो की नेत्रा आणि इला मागून जाणार, असं ठरलं. तिकडचं भाडं आणि इकडचा हप्ता एकदम झेपत नव्हता, म्हणून तो तिथे नोकरी करणाऱ्या तीन मुलांबरोबर एका खोलीत राहत होता. इला रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "बाबा, व्हेन आर यू कमिंग होम?"

मग कॅरल नावाची एजंटबाई आली आणि तिने माझा कायापालट केला. गालिचा उपटला, लाकडासारखी दिसणारी फरशी लावली. हळदीचा ओटा गेला, चकचकीत काळा ग्रॅनाइट आला. भिंतींना कोणाच्याच आवडीचा नसलेला रंग दिला. फोटो काढले, फ्रिजवरची इलाची चित्रं काढली. कपाटातले देव खाली काकूंकडे गेले. "आणि नेत्रा," कॅरल गोड हसून म्हणाली, "प्लीज, नो करी कुकिंग." त्या दिवसापासून नेत्रा डाळ-तांदूळ घेऊन काकूंकडे स्वयंपाकाला जाऊ लागली. स्वतःच्या घरात ती पाहुण्यासारखी राहायची, ग्रॅनाइटवर पाण्याचा थेंब दिसला की पुसायची. बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, मी तर बडाही नव्हतो.

मग सुरू झाले दाखवण्याचे कार्यक्रम. कांदेपोहे नसलेले! माणसं येत, नळ सोडून बघत, कपाटात डोकं घालत, "नाइस" म्हणत आणि निघून जात. तेवढा वेळ नेत्रा इलाला घेऊन पार्किंगमध्ये गाडीचा हीटर लावून बसायची. रस्त्यावर एकेक करून 'विकणे आहे'च्या आणखी पाट्या लागल्या. कोपऱ्यावरचं किराणा दुकान बंद झालं, तिथे मिळणारी ताजी मेथी गेली. उन्हाळा संपला, मेपल लाल होऊन उघडा पडला, माझ्यापुढची पाटी बर्फात कलली. माझं बाशिंगबळच जड, दुसरं काय?

पण खरी गोष्ट फक्त मला माहीत होती. गाडीत जाऊन बसण्याआधी इला दरवेळी "वन मिनिट, आई!" म्हणून बेडरूममध्ये पळायची, देवांच्या रिकाम्या कपाटात शिरायची आणि भिंतीला तोंड लावून म्हणायची, "प्लीज, डोन्ट लेट देम बाय यू. से तथास्तु." मी तथास्तु म्हणायचो. आणि दार ओढून घेताना नेत्रा पुटपुटायची, "या वेळी तरी होऊ दे रे बाबा." मी तिलाही तथास्तु म्हणायचो. माझ्याकडे शब्द एकच, मी तरी काय करणार?

फेब्रुवारीत एक जोडपं अगदी नक्की घेणार होतं. त्यांनी आयत्या वेळी नाही म्हटलं. कॅरलचा फोन ठेवून नेत्रा त्या नव्या फरशीवर बसली आणि रडू लागली. "हे घर आपल्याला सोडतच नाही गं."

इला तिच्याजवळ जाऊन अभिमानाने म्हणाली, "आय टोल्ड इट नॉट टू. इट ऑल्वेज सेज तथास्तु."

नेत्राने डोळे पुसले. "का गं, सोन्या?"

"इफ समबडी बाइज इट, हाउ विल बाबा कम होम? ही ओन्ली नोज धिस वन."

नेत्राने तिला कुशीत ओढलं आणि यतीनला फोन लावून तिच्या कानाशी धरला. यतीनचा आवाज मलाही ऐकू आला. "इलू, मी तिकडे नाही येणार राजा. तू आणि आई इकडे या. मग मी रोज ऑफिसातून तुमच्याकडेच येईन. पिंकी प्रॉमिस."

इलाने फोनला आपली करंगळी टेकवली. नेत्रा उठली, म्हणाली, "खड्ड्यात गेला तो ग्रॅनाइट!" आणि तिने कढईत तेल तापवलं. मोहरी तडतडली, हिंग पडला, माझा अलार्म कित्येक महिन्यांनी बोंबलला आणि ती टॉवेल फडकवत हसली. दोघींनी फरशीवर बसून वरण-भात खाल्ला. मग इला एकटीच कपाटात आली. तिने भिंतीवर तळहात ठेवला. "ओके, हाउस. यू कॅन हॅव न्यू पीपल. बट नाइस वन्स."

इतकी वर्षं मी सवयीने तथास्तु म्हणत होतो. त्या दिवशी ते म्हणणं मला फार जड गेलं. मला त्या दोघी जायला नको होत्या.

एप्रिलमध्ये डेनिस नावाच्या एका वयस्कर नर्सबाई आल्या. कॅरल हिंगाच्या वासाची माफी मागत खिडक्या उघडत सुटली. डेनिसबाईंनी एवढंच विचारलं की सकाळी बाल्कनीत ऊन येतं का. ऊन येतं. त्यांनी मला घेतलं. त्या पुढच्या आठवड्यात राहायला येतील.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. घर विकायला रंगवा, पण त्याआधी एकदा स्वतःला राहायला म्हणून रंगवा. ओट्यावर डाग पडू द्या. आणि घरात बोलाल ते जपून बोला, कारण आम्हाला कान मिटता येत नाहीत आणि 'नाही' म्हणता येत नाही.

आज सकाळी नेत्राने दाराच्या चौकटीला हळदकुंकू लावलं. इला जिन्यात काकूंचं बोट धरून उभी होती. नेत्राने रिकाम्या हॉलकडे एकदा वळून पाहिलं. आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. तीही तसं म्हणाली नाही.

"येते हं," ती म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं.

अल्फारेटा किती लांब आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मी म्हणालो, तथास्तु.