मागाहून आलेलं उत्तर

फोन वाजला तेव्हा तो कचेरीत चहाचा कप धरून उभा होता. पलीकडे आई.

"अरे, मोबाइलवरच्या तुझ्या त्या पानावर चिमणीची बस अजून पुलापलीकडेच दाखवतंय. मी घरीच टेकू का जरा? गुडघा बोलतोय."

तो चमकला. पुलापलीकडून धाकटीची, चिमणीची बस जातच नाही, ती मोठ्याची. "आई, नाव कुणाचं दाबलंस?"

"आधी दादाचं. ते नुसतं गोल गोल फिरत बसलं, म्हणून मग चिमणीचं. माझा काय जीव थाऱ्यावर असतो का या वेळेला?"

शाळेच्या बसचं ते पान त्यानंच बांधलेलं. नाव दाबलं की पहिला प्रश्न जातो, हे मूल कोणत्या बसमध्ये? त्याचं उत्तर हाती आलं की त्यालाच धरून दुसरा, ती बस कुठे आहे? आणि उत्तर येईल तेव्हा येवो, ऑब्झर्वेबलकडे, म्हणजे उत्तरं येतील तशी पोचवणाऱ्या कोडच्या नळीकडे, पान आपलं कान लावून बसलेलं. साखळी त्यानं मन लावून ओवली होती. फक्त, नवं नाव दाबलं की जुन्या प्रश्नाचा नाद सोड, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. म्हणून दादाचं रखडलेलं उत्तर मागाहून आलं आणि चिमणीच्या नावाखाली खुशाल ठाण मांडून बसलं.

"आई, तू तशीच मैदानाच्या थांब्याकडे निघ. मीही निघालो."

जिना उतरता उतरता त्यानं चिमणीच्या बसच्या चालककाकांना फोनवर गाठलं. "ती उतरली की मघाशीच," काका म्हणाले. "आजी येतेच आहे म्हणाली."

दुसरा फोन कामातल्या जोडीदाराला, ज्याला कचेरीत सगळे गुरुजी म्हणत. "पान बंद कर."

"सगळ्यांचं? अरे, बसेस अजून रस्त्यावर आहेत. साहेब सोलून काढतील."

"म्हणूनच. चालकांचे नंबर लाव तिथे. घाईची आजी काय माझ्या एकट्याच्याच घरी आहे?"

पलीकडे बटणांची टकटक. "केलं बंद. पळ तू."

तो पळाला. ओठांवर देवाचं नाव कधी आलं, त्यालाही कळलं नाही. थांब्यावरचं बाकडं रिकामं. तोच शेजारच्या पंक्चरच्या दुकानात उलट्या बादलीवर चिमणी दिसली, पाण्यात बुडवलेल्या ट्यूबचे बुडबुडे बघत.

"बाबा, तू कसा? आजी विसरली मला?"

"आजी नाही गं. माझ्या पानानं तिला चुकीचं सांगितलं."

"मग बाकीच्यांनापण सांगितलं असेल."

त्यानं तिचा हात घट्ट धरला. कोपऱ्यावरून आई लंगडत येताना दिसली, आणि तेवढ्यात गुरुजींचा फोन. "एक आई विचारतेय, तिचा मुलगा कुठल्या थांब्यावर उतरला म्हणून."

"नंबर दे," तो म्हणाला. "मीच बोलतो."