पांढऱ्या पुठ्ठ्यांच्या ओळी

रोहिणीचं डोकं म्हणजे ना, एकदा चालू झालं की त्याला बंद करायचं बटणच नाही. त्या वर्षी भीमजयंतीच्या मीटिंगमध्ये सगळे डीजेवरून भांडत होते, मोठा आणायचा की लय मोठा, आणि ही बया मधेच उठून म्हणाली, "डीजे सगळेच लावतात. आपण माणसांचं चित्र करू."

"म्हणजे रांगोळी का ताई?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाही हो. माणसांचं! मैदानात हजार माणसं ओळीत बसवायची. प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठा, कोणाचा निळा, कोणाचा पांढरा. मी माइकवरून 'वर' म्हटलं की सगळ्यांनी डोक्यावर धरायचा. ड्रोनमधून बघितलं की चित्र!"

सगळे खो खो हसले. हसला नाही तो एकटा धम्मपाल. मंडळाचा सेक्रेटरी, आणि रोहिणीचा बालवाडीपासूनचा दोस्त. एकाच गल्लीत घरं, एकाच रिक्षात कोंबून शाळेत गेलेले.

"होतंय," तो म्हणाला. "रोहिणी म्हणते ना? मग होतंय."

झालं, ठरलं. रोहिणी सातपूरच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. संध्याकाळी घरी आली की लॅपटॉप थेट ओट्यावर, शेजारी आई भजी तळतेय, आणि समोर धम्मपाल स्टुलावर. स्क्रीनवर तिनं एक उघडं पुस्तक काढलं, छान गोलसर पानांचं. त्याच्याखाली ठसठशीत अक्षरात 'जयभीम'. मग कोड लिहिला. कोड काय करायचा, तर स्क्रीनवर जे दिसतंय, रेघ असू दे की अक्षर, त्याच्यावर जाळी टाकायचा आणि एकेका चौकोनाला विचारायचा, तुझ्यात निळं जास्त की पांढरं? एक चौकोन म्हणजे एक माणूस. एवढंच!

पहिल्यांदा चालवला तेव्हा धम्मपाल भजं तोंडात धरून बघतच राहिला. "हे पुस्तक आहे की गोदाघाटाच्या पायऱ्या?"

खरंच, पानांची गोलाई गेली आणि नुसते जिने झाले होते. रोहिणी दोन दिवस वैतागली, मग तिला सुचलं. कडेला जो चौकोन अर्धाच भरलाय, त्याला फिकट निळा द्यायचा. जवळून बघितलं तर ठिगळ, पण लांबून डोळा फसतो, पायरी दिसतच नाही. तिनं धम्मपालला सगळं शिकवलं, कोड कसा चालवायचा, फिकट रंग कुठं द्यायचा, फाइल छपाईला कशी द्यायची. म्हणजे मी आजारी पडले तर अडायला नको, म्हणे.

आता माणसं गोळा करायची. दोघं घरोघर फिरले. आणि प्रत्येक दारात रोहिणी एकच सांगायची, "काकू, यात कोणाचं नाव नाही, कोणाचा फोटो नाही. कोणी पुढारी नाही. फक्त आपलं." कारण तुम्हाला माहितीये, दरवर्षी बॅनरवर बाबासाहेब कोपऱ्यात आणि शुभेच्छुक मधोमध. लोक विटलेले. तिच्या शब्दावर तयार झाले. आईनं तिला एकदा म्हटलं पण, "दारोदार शब्द वाटत सुटलीयेस, निभवता येईल ना?" तर म्हणाली, "आई, चित्र माझ्या हातात आहे. कोण काय करणार?"

एक साळूआजी तेवढ्या अडल्या. म्हाताऱ्या बायकांना स्टेजच्या मंडपाची पडणारी सावली मिळावी म्हणून रोहिणीनं त्यांना चित्राच्या खालच्या, स्टेजजवळच्या ओळींत बसवलं होतं, आणि खालच्या ओळी सगळ्या पांढऱ्या.

"ए पोरी, मला पांढरा नको. जयंतीला निळं नाही धरायचं तर कधी धरायचं?"

"आजी, पांढरं नसेल तर निळं उठून दिसणार नाही. खाली मोकळी जागा सोडावीच लागते."

"म्हणजे आम्ही मोकळी जागा होय?"

रोहिणी हसली. आजी काही हसल्या नाहीत.

जयंतीचा दिवस उजाडला. एप्रिलचं ऊन, म्हणून संध्याकाळी उन्हं कलल्यावर ठेवलं. काय सांगू, मैदान फुललं होतं! पांढऱ्या साड्या, निळे फेटे, पोरांच्या गालावर निळे टिळे. धम्मपाल शिट्टी घेऊन ओळी लावतोय. रोहिणी पाण्याचा जग घेऊन ओळींतून फिरतेय, सगळ्यांना पाणी पाजतेय, आणि फिरता फिरता खाली पोचली तर साळूआजींच्या मांडीवर निळा पुठ्ठा.

"आजी, हा कोणी दिला?"

"मंडळानं दिला," आजी म्हणाल्या आणि पदर सारखा करत दुसरीकडेच बघायला लागल्या.

शेजारच्या बाईकडेही निळा. तिच्या शेजारी फिकट. मग पांढरा, मग परत निळा. रोहिणीला वाटलं, छपाईवाल्यानं घोळ घातला. ती धावत स्टेजमागं गेली, लॅपटॉप काढला आणि धम्मपालनं छपाईला पाठवलेली फाइल उघडली. आधी नुसते चौकोनच चौकोन. तिनं चित्र लहान केलं. अजून लहान केलं. डोळे किलकिले केले.

वर पुस्तक. मध्ये जयभीम. आणि खाली, जिथं मोकळी जागा होती तिथं, 'सुनीलभाऊ'.

हे सुनीलभाऊ म्हणजे इलेक्शनला उभं राहायचं म्हणून चौकाचौकात हात जोडून बॅनरवर उभे असलेले. आत्ताही समोर पहिल्या खुर्चीत बसलेले, कडक इस्त्रीत. पण रोहिणीला नावापेक्षा दुसरंच टोचलं. त्या शेवटच्या 'ऊ'ची शेपटी कशी गुळगुळीत वळली होती! कडेकडेनं फिकट निळा, एकही पायरी नाही. घाईत केलेलं काम नव्हतं ते. बसून, जीव लावून केलेलं होतं.

तिनं धम्मपालला हाताला धरून मागं ओढलं. "धम्मा, हे काय आहे?"

"हळू बोल."

"काय आहे हे?"

"अभ्यासिका आहे," तो म्हणाला. "भाऊ अभ्यासिका बांधून देतायत आपल्याला. पोरं जिन्यात बसून अभ्यास करतात, बघतेस ना तू? त्याच्या बदल्यात एक नाव. ते पण खाली."

"मी दारोदार शब्द दिलाय! तू होतास माझ्यासोबत!"

"अगं, पण कळणारे कोणाला? बसलेल्या माणसाला चित्र दिसतं का?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?" म्हणाला, आणि शिट्टी तोंडात धरून निघाला पण.

रोहिणीनं माइक घेतला. ड्रोन वर घरघर करत चढलेला.

"जयभीम."

"जयभीम!" अख्खं मैदान.

"तुमच्या हातातले पुठ्ठे... मी सांगितलं होतं यात कोणाचं नाव नाही. ते खोटं निघालं. खालच्या ओळींत सुनीलभाऊंचं नाव आहे. मला आत्ता कळलं. तुमची फसवणूक झालीये, माझ्या तोंडून झालीये. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुठ्ठा खाली ठेवा. मी चित्र थांबवते."

तिला वाटलं, आता गोंधळ होणार. लोक उठणार, सुनीलभाऊंची खुर्ची उलटणार. पण काहीच नाही झालं. कोणी दचकलं पण नाही. कोणी चपलेचा पट्टा बघतंय, कोणी उगाच पोराचं नाक पुसतंय.

शेवटी साळूआजीच बोलल्या. "पोरी, बस आता. आम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"नावाचं. धम्मपाल येऊन सांगून गेला ना, घरोघर. अभ्यासिकेसाठी आहे म्हणाला. तुला बोलू नका म्हणाला, तू मोडता घालशील म्हणून." आजींनी मांडीवरचा पुठ्ठा थोपटला. "आणि त्यानं आम्हाला निळा दिला, बाई."

म्हणजे बघा! कळणारे कोणाला, असं तो आत्ता तिच्या तोंडावर बोलून गेला होता, आणि कळलेलं सगळ्यांना होतं. जिन्यातल्या पोरांना, पुठ्ठे चिकटवणाऱ्या बायांना. रोज सकाळी बसस्टॉपवर "काय मग, तयारी कुठवर?" विचारणाऱ्यांना. न कळलेली एकटी ती.

तिची नजर मधल्या ओळींत गेली. तिथं आई होती. आईनं मान खाली घातलेली.

"आई?" माइक चालूच होता.

आई हातातल्या पुठ्ठ्याची कड खरवडत राहिली.

रोहिणीचा आवाज एकदम बारीक झाला. "कोणाकोणाला माहीत होतं? हात वर करा."

हातात तर पुठ्ठे होते ना सगळ्यांच्या. आधी खालच्या ओळींत दोन-चार वर गेले, दबकत. मग त्यांच्या मागचे. मग सरसर सरसर सगळं मैदान, अगदी वरच्या ओळीपर्यंत. आईचा जरा उशिरा गेला, पण गेला. सुनीलभाऊ उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

ड्रोनचा तो व्हिडिओ तुमच्या फोनवर पण आला असेल. लय फिरला. एक पुठ्ठा इकडचा तिकडे नाही, पुस्तक, जयभीम, सुनीलभाऊ, एकदम क्लिअर. त्याच्यावर गाणं टाकलंय, म्हणून रोहिणी काय विचारतेय ते त्यात ऐकू येत नाही.